चार बदकं, दोन हजार लिटर पाणी आणि कर्दळ

बदकांच्या तळ्याकडेला कर्दळ लावली की पाणी आपोआप स्वच्छ राहील, असं समजून बरेच जण सुरुवात करतात. महिन्याभरात पाणी शेवाळी होतं, तळाशी काळा गाळ बसतो आणि शेजारी वासाची तक्रार घेऊन येतात. दोष कर्दळीचा नसतो. झाडाला पाण्यात विरघळलेलंच घेता येतं. विष्ठा, भिजलेलं खाद्य, पिसं, पायाला लागून आलेली माती यातलं काहीही मुळं थेट खात नाहीत. म्हणून गाळ आधी अडवायचा, मग पाणी मुळांतून फिरवायचं आणि वाढलेला पाला कापून न्यायचा. यातलं मधलंच काम लोक करतात, कारण फुलं तिथेच येतात.

आधी घाणीचा हिशेब. अंडी देणारं एक बदक दिवसाला साधारण 150 ग्रॅम खातं. चार बदकांचं 600 ग्रॅम. खाद्यात 17 टक्के प्रथिनं धरली तर त्यात सुमारे 16 ग्रॅम नत्र येतं. चार-पाच ग्रॅम अंड्यांत जातं, उरलेलं अकरा-बारा ग्रॅम विष्ठेतून बाहेर पडतं. बदकं दिवसभर पाण्यात असतील तर त्यातलं निम्मं, म्हणजे सहाएक ग्रॅम, रोज तळ्यात. चांगली वाढलेली कर्दळ एका चौरस मीटरला दिवसाकाठी अर्धा ते एक ग्रॅम नत्र उचलते. चार बदकांना खडीत लावलेल्या कर्दळीचा चार चौरस मीटर वाफा हे प्रमाण इथून आलं, आणि तरीही ते काठावरचंच आहे. बाकीचं काम खडीवरचे जिवाणू आणि बागेला काढून दिलेलं पाणी करतं. दहा बदकं आणि टबाएवढा वाफा असा बेत असेल तर तो सोडून द्या. रोज टब ओतून धुणं त्याहून सोपं.

खाकी कॅम्पबेलसारख्या अंड्याच्या जातीला पोहायला तळं लागतंच असंही नाही. डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल, स्वच्छ पाणी मात्र हवंच. डोळे आणि नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर डोळे चिकटतात.

बांधकाम जमिनीच्या वर

सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. त्यात खड्डा खणून सिमेंटचा हौद केला तर दोन पावसाळ्यांत तडे जातात. वरची फूटभर काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा आणि त्यावर सहा इंची ब्लॉकच्या दोन फूट उंच भिंती घ्या. आत शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंब-द्राक्षवाल्यांची शेततळी याच कागदावर आहेत, त्यामुळे तो आणि त्याचे जोड मारणारे कारागीर जिल्ह्यातच मिळतात. कागदाखाली सिमेंटची रिकामी प्लास्टिक पोती दुहेरी अंथरा. जुनी सोलापुरी चादर हाताशी असते म्हणून टाकू नये. सूत कुजतं आणि खडा वर येतो.

माप 8 बाय 6 फूट, पाणी दीड फूट, म्हणजे सुमारे 2,000 लिटर. तळाला एका कोपऱ्याकडे दोन इंचांचा उतार द्या आणि त्या कोपऱ्यात तीन इंची पाइप बसवा. कागदाला भोक पाडायचं ते या एकाच जागी, दोन फ्लँजच्या (बोल्टने आवळायच्या चकत्यांच्या) मध्ये दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घालून. फ्लँजचे बोल्ट स्टेनलेस घ्या. चढायला बाहेरून मुरमाचा सहा फूट लांब उतार, आत विटांच्या पायऱ्या. पेकिनसारख्या जड जातीच्या बदकाला भिंतीवरून उडी मारायला लावलं की पाय दुखावतो.

काठाभोवती तीन फूट पट्ट्यात नदीचे गुळगुळीत गोटे टाका. मोकळी काळी माती ठेवली तर सगळा चिखल तळ्यात येतो. स्वस्त पडते म्हणून क्रशरची धारदार खडी टाकली तर तळपाय चिरतात आणि फोड होतात. खाद्याचं भांडं तळ्यापासून दहा फूट तरी लांब, त्याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याची खोल बादली, बादलीखाली खडी भरलेला खड्डा. बदक घास घेतं आणि पाण्याकडे पळतं. जवळ बादली असली तर चोचीतलं खाद्य तिथेच धुतलं जातं. या एका गोष्टीने तळ्यातला गाळ डोळ्यांना दिसण्याइतका कमी होतो. त्यात सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास एवढंच पाणी मोकळं ठेवलं, रात्री बदकं कोरड्या खुराड्यात कडब्याच्या कुट्टीवर कोंडली, तर भार आणखी उतरतो. भुईमुगाची टरफलं अंथरायला चालतात, पण कडक वाळलेलीच. बुरशी धरलेल्या टरफलांनी फुप्फुसाचा आजार होतो.

गाळाचे दोन ड्रम

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी व्यवस्था यावरच उभी आहे किंवा पडते.

200 लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम दोन फूट उंचीवर कापून घ्या. पाणी बसतं ते प्रत्येकी सव्वाशे लिटरच्या आसपास. ड्रम खाद्यतेलाचे, गुळाच्या काकवीचे किंवा लोणच्याचे असावेत. सोलापुरात रंगाईच्या आणि ब्लीचिंगच्या रसायनांचे रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात. कितीही धुतले तरी ते बदकांसाठी घेऊ नका.

पहिल्या ड्रममध्ये तळ्याचा पाइप मध्यावर शिरतो आणि आत एक एल्बो (काटकोनी जोड) लावून त्याचं तोंड ड्रमच्या कडेला समांतर फिरवायचं. पाणी गोल फिरतं, जड गाळ मध्यभागी तळाला बसतो. बाहेर जाणारा पाइप वर, पाण्याच्या पातळीला. या पाइपची उंची हीच तुमच्या तळ्याची पातळी, त्यामुळे तो लेव्हल-पट्टीने बसवा. तळाला दीड इंची बॉल व्हॉल्व, तिथून बागेकडे चर. सगळं जमिनीवर बांधल्याचा फायदा इथे कळतो: कॉक उघडला की गाळ स्वतःच्या वजनाने निघतो, वेगळा पंप लागत नाही.

दुसऱ्या ड्रममध्ये शेडनेटच्या पट्ट्यांचे सैल गुंडाळे ठासून न भरता सोडा. खालून पाणी शिरू द्या, वरून बाहेर काढा. पहिल्या ड्रममधून निसटलेला बारीक गाळ आणि पिसांचे तंतू यात अडकतात. काथ्या किंवा टॉवेलच्या चिंध्या वापरू नका, त्या स्वतःच कुजून गाळ होतात.

पहिल्या ड्रमचा कॉक रोज सकाळी दहा-पंधरा सेकंद. पंधरा-वीस लिटर काळं पाणी जाईल. दुसऱ्याचे गुंडाळे आठवड्यातून एकदा तळ्याच्याच पाण्यात खंगाळायचे, नळाच्या पाण्यात नाही. क्लोरीनने त्यांच्यावर वाढलेले जिवाणू मरतात. रोजचा कॉक आठवडाभर राहिला तर बसलेला गाळ सडून वायू धरतो, तरंगतो आणि थेट वाफ्यात जातो.

खडीचा वाफा

10 बाय 4 फूट, भिंत दोन फूट, आत तोच कागद. खडी 20 मिलिमीटरची, वीस इंच थर. त्याला 67 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या थोडी आत खडी लागते. पाणी शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या टोकाला फूटभर 40 मिलिमीटरची खडी. इथली खडी काळ्या पाषाणाची असते, ती चांगली. पण क्रशरची चुरी चिकटून येते, ती धुऊन काढल्याशिवाय एक पाटीही आत टाकू नका. न धुतलेली खडी पहिल्याच वर्षी खालून गच्च होते.

पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंच राहिलं पाहिजे. वर उघडं पाणी नसलं की डास नाहीत, वास नाही आणि शेवाळही नाही. पातळी बांधायला बाहेर पडणाऱ्या पाइपला फिरता एल्बो लावा. खाली वाकवला की पातळी उतरते. खडीत दोन ठिकाणी चार इंची पाइप भोकं पाडून उभा सोडून ठेवा, टोपण लावून. तळाशी किती गाळ साठला ते यातूनच काठी घालून कळतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्रही याच जातकुळीचं: खडीखालून वाहणारं सांडपाणी आणि वर कर्दळ-पाणकणसासारखी झाडं.

वाफ्यातून पाणी एका शेवटच्या टाकीत पडतं आणि पंप तिथे. पंप तळ्यात ठेवला तर तो विष्ठेचा लगदा करून पुढे पाठवतो आणि ड्रममध्ये मग काही बसत नाही. पंप नेहमी स्वच्छ टोकाला. कूलरचा 40 वॉटचा पंप पुरतो. डब्यावरचा ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून बादलीने मोजा: दहा लिटरची बादली 50 सेकंदांत भरली तर ताशी 720 लिटर, म्हणजे तीन तासांच्या आत सगळं तळं एकदा फिरलं. एवढं हवं. चोवीस तास चालवला तर महिन्याला 29 युनिट होतात. रात्री बंद करून वीज वाचवण्याचा मोह टाळा. जिवाणूंना एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो आणि 35 अंशांच्या पाण्यात तो मुळात लिटरमागे सात मिलिग्रॅमच मावतो. परतीचा पाइप तळ्यावर फूटभर उंच ठेवून भोकांतून पाणी पडू द्या, हवा मिसळते. शिवाय लाईट गेल्यावर तळ्याचं पाणी उलटं ओढलं जात नाही.

लाईट गेली की तळं आणि वाफा मिळून 60-70 लिटर पाणी शेवटच्या टाकीत उतरतं. टाकीत शंभर लिटरची जागा कायम रिकामी हवी, नाहीतर दर भारनियमनाला तेवढं पाणी अंगणात. आठ-दहा तास लाईट नसेल तर वाफ्यातलं पाणी शिळं होतं. पंप चालू करायच्या आधी एल्बो खाली वाकवून ते बागेला काढा.

आता उन्हाळ्याची गंमत. मे महिन्यात 4.5 चौरस मीटर उघडं पाणी आणि वाफ्यातली झाडं मिळून दिवसाला 80 ते 100 लिटर उडवतात. पण तळ्याची पातळी पाइपने बांधलेली असल्याने ती घट तळ्यात दिसतच नाही, सगळी शेवटच्या टाकीत दिसते. दोन दिवस लक्ष नाही दिलं की पंप कोरडा फिरतो आणि जळतो. टाकीला गच्चीवरच्या टाकीतून बॉलकॉक जोडा. बॉलकॉकचा एक तोटा ध्यानात ठेवा: कागद फाटून गळती सुरू झाली तरी टाकी भरलेलीच दिसते आणि घरातलं पाणी संपल्यावर समजतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे परवडत नाही. आठवड्यातून एक रात्र कॉक बंद करून पातळीवर खूण करावी.

कोणती झाडं, कोणती नाहीत

कर्दळ मुख्य. फूटभर अंतरावर 36 ते 40 कंद बसतात. माती पूर्ण धुऊन, डोळा वर ठेवून, मुळं पाण्याला टेकतील एवढे खोल. पहिले पंधरा दिवस पाणी पृष्ठभागाच्या बोटभर खाली ठेवा, मग हळूहळू उतरवा म्हणजे मुळं खाली जातात. बाहेर पडण्याच्या टोकाला वाळा, वीतभर अंतरावर. त्याची मुळं खोल उभी जातात. सावलीच्या कोपऱ्यात वेखंड किंवा अळू. लागण जून-जुलैत किंवा फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये लावलेले कंद तापलेल्या खडीत भाजतात.

पाणकणीस नदी-नाल्यात कितीही छान दिसलं तरी कागदाच्या वाफ्यात नको, त्याचे टोकदार कंद कागद भोसकतात. जलपर्णी नत्र झपाट्याने खाते हे खरं, पण सोलापूरचा कंबर तलाव तिने कसा व्यापला ते सोलापूरकरांना सांगायला नको. एक गड्डा नाल्यात गेला तरी पुरे.

अझोला शेवटच्या टाकीत शेडनेटखाली चांगला वाढतो, 40 अंशांच्या वर मात्र मान टाकतो. बदकं तो आवडीने खातात. पण अझोला खाऊ घातला म्हणजे नत्र बाहेर गेलं असं नाही. ते बदकाच्या पोटातून परत तळ्यात येतं. फायदा तेव्हाच, जेव्हा त्या बदल्यात विकतचं खाद्य कमी कराल.

वाफ्याला बदकांपासून दोन फुटांची जाळी अत्यावश्यक. कोवळा कोंब दिसला की चोच लागलीच, आणि खडी उकरून अळ्या शोधण्यात बदकांचा हात कोणी धरणार नाही.

फुलून गेलेली कर्दळ पाण्यापासून वीतभर वर कापा, एका वेळी एक तृतीयांश वाफा, उन्हाळ्यात दर सहा-आठ आठवड्यांनी. वाळलेल्या एक किलो पाल्यातून वीसेक ग्रॅम नत्र बाहेर जातं. स्फुरद तर कापलेला पाला, गाळ आणि काढलेलं पाणी यांखेरीज दुसऱ्या वाटेने जातच नाही. न कापलेला वाफा फुलांनी डवरलेला दिसतो, प्रत्यक्षात वाळकी पानं त्यातच गळून कुजतात आणि घेतलेलं सगळं परत देतात. पाला कंपोस्टला टाका, तळ्याच्या काठाला नाही.

बिघाड ओळखणं

नवं तळं पहिले चार-सहा आठवडे बिघडलेलंच वाटतं. जिवाणू बसायला तेवढा वेळ लागतो. दोन बदकांनी सुरुवात करा, उरलेली दोन महिन्याने सोडा. मत्स्यालयाच्या दुकानातला अमोनिया-नायट्राइट किट घेऊन आठवड्याला एकदा बघा. अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं. शेवटच्या टाकीत गप्पी मासे सोडायचे असतील तर दोन्ही शून्याजवळ आल्यावरच. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात पीएच सहज 8.5 असतो. त्या पीएचला 35 अंशांत एकूण अमोनियाचा चौथा भाग विषारी रूपात असतो. पीएच 7 आणि 25 अंशांत तो जेमतेम अर्धा टक्का असता.

पाणी हिरवं झालं म्हणजे ऊन जास्त आणि खत जास्त. तळ्यावर 50 टक्क्यांचं शेडनेट टाका आणि आठवड्याला 200-250 लिटर पाणी बागेला काढा. कडुनिंबाची सावली असेल तर उत्तम, फक्त फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत वर जाळी. मोरचूद टाकू नका. द्राक्षबागेमुळे तो घराघरात असतो, पण शेवाळाबरोबर वाफ्यातले जिवाणूही मरतात, मेलेलं शेवाळ सडून प्राणवायू संपतो आणि तांबं गाळात साठत जातं. तुरटीने दोन तास पाणी निवळ दिसतं, बदकं उतरली की पुन्हा गढूळ.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला तर लोह मिळत नाही, इथल्या पाण्यात हे नेहमीचंच. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. पानांच्या कडा करपल्या तर क्षार साठलेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि वरून बोअरचंच पाणी भरत राहिलं की ते वाढतच जातात. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मूळ पाण्याच्या दुप्पट झाला की एक तृतीयांश पाणी बदला. गच्चीवरचं पावसाचं पाणी याला सगळ्यात चांगलं.

वाफ्याच्या तोंडाशी खडीवर पाणी साचू लागलं म्हणजे पहिले दोन फूट तुंबले. दुसरा इलाज नाही: तेवढी खडी उपसून, धुऊन परत भरायची. एल्बो खाली वाकवून पाणी खाली दाबण्याने आठवडाभर बरं वाटतं, इतकंच.

काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर त्याच दिवशी बदकं बाहेर काढा. उन्हाळ्यात अशा गाळात, विशेषतः मेलेला उंदीर किंवा बेडूक पडला असेल तर, बोट्युलिझमचं विष तयार होतं. बदकाचे पाय लटपटतात, मग मान लुळी पडते. सावली, स्वच्छ पाणी आणि पशुवैद्य, याच क्रमाने. मेलेला प्राणी आणि त्यावरच्या अळ्या बदकांच्या चोचीला लागू देऊ नका, विष अळ्यांतूनही जातं.

ड्रममधलं आणि तळ्यातलं पाणी केळी, पपई, शेवगा, लिंबू यांच्या बुंध्याशी सोडा. कोथिंबीर, मेथी, मुळा, कच्चं खायचं काहीही यावर ते नको, साल्मोनेलाची भीती असते. वाफ्याभोवती हातभर जागा नेहमी साफ ठेवा. दाट कर्दळीत उंदीर शिरतात आणि उंदरांमागे साप. सप्टेंबरात परतीचा पाऊस एका रात्रीत वर्षाची कसर भरून काढतो, तेव्हा शेवटच्या टाकीला चार इंची सांडवा असावा, त्याच्या तोंडाला जाळी, आणि ते पाणी गटारीऐवजी बागेच्या चरात उतरावं.